अकरा वेळा एक

“लिही,” बाई म्हणाल्या. “एकोणनव्वद.”

मी लिहिलं, भागाकार मांडला आणि बराच वेळ खपून उत्तर आणि बाकी वाचून दाखवली. बाई डोळे मिटून उताण्या पडल्या होत्या. त्यांचे ओठ जरासे हलले.

“ताळा जमत नाही. कितीने भागलंस?”

“नव्वद आणि नऊने.”

त्यांनी डोळे उघडून मान माझ्याकडे वळवली. “एकोण म्हणजे एक उणा. नव्वदला एक उणा. शाळेत गेली होतीस ना?”

“कानडी शाळेत.”

“आणि घरी?”

“घरी मराठीच बोलतो. आकडे तेवढे कानडीत.”

बाईंनी हसू दाबलं. हसलं की खोकला यायचा, आणि खोकला आला की सिस्टर मार्था यायच्या. पण माझं काही खोटं नव्हतं. आम्ही गदगचे रंगारी. घरात मराठी, दारात कानडी. कानडीत ऐंशी म्हणायचं आणि पुढे नऊ म्हणायचं, की झालं. मराठीत मात्र आधी पुढच्या घरी जायचं आणि उंबऱ्यावरून एक पाऊल मागं यायचं. नाव नव्वदाचं घ्यायचं आणि राहायचं ऐंशीत. मला तेव्हा हा निव्वळ खोडसाळपणा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा वाटतो.

ही गोष्ट पंचावन्न सालच्या दिवाळीनंतरची. तेव्हा क्षयाच्या रोग्यांना गावाबाहेर माळावर ठेवत. आमचं आरोग्यधाम अशाच एका माळावर होतं. सभोवती निलगिरीची झाडं, खाली ज्वारीची शेतं, आणि बायकांच्या वॉर्डाला लांबलचक उघडा व्हरांडा. त्यात ओळीने अकरा खाटा. मी विसाव्या वर्षी तिथे आले, आणि दिवाळीपर्यंत इतकी सुधारले होते की मला सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास बसायची परवानगी होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना नव्हती. त्यांनी उठायचं नाही, लिहायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. कृष्णाबाई अष्टेकर त्यांचं नाव. एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, एक्केचाळीस वर्षांच्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि डाव्या फुप्फुसात लिंबाएवढी पोकळी होती.

सुया घेऊन पाहिल्या होत्या, पोकळी मिटली नव्हती. आता एकच इलाज राहिला होता. डाव्या बाजूच्या काही बरगड्या काढायच्या, म्हणजे छाती तिथे आत बसते, फुप्फुस दबतं आणि पोकळी बुजते. डॉक्टर पोंक्षे संमतीचा कागद घेऊन आले तेव्हा मी दूध पीत होते. पेला तोंडाशी धरून मी सगळं ऐकलं.

“दोनदा टेबलावर घेईन,” डॉक्टर म्हणाले. “एका वेळी जमत नाही. पण अष्टेकरबाई, हे केलं तर तुम्ही शाळेत परत जाल.”

“आणि नाही केलं तर?”

“तर ते उजवीकडे उतरेल.”

बाईंनी ओळीच्या टोकाकडे पाहिलं. त्या काय आठवत होत्या ते मला ठाऊक होतं, कारण मीही तेच आठवत होते. शेवटून दुसऱ्या खाटेवर तानूबाई नावाची एक धनगरीण होती. तिचं हेच ऑपरेशन झालं होतं. पूर्ण भूल देत नसत, पाठ बधिर करत आणि माणूस जागं असे. पहिल्या खेपेनंतर ती परत आली आणि आम्हाला म्हणाली, “कडबा तोडल्यागत वाजतंय गं. आन् ते आपल्याच आंगात.” दुसऱ्या खेपेला गेली ती परत आली नाही. तिच्या खाटेवर दोन दिवसांत नवी बाई आली.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “मला एक भागाकार पुरा करायचा आहे. तो झाला की सही करते.”

डॉक्टर पोंक्षे थट्टेखोर होते. “किती मोठा आहे?”

“अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.”

डॉक्टरांनी बोटांवर मोजून पाहिलं. “म्हणजे अकरा वेळा एक.”

“हो. या खाटांकडे बघून सुचली. ही संख्या फुटते का ते पाहायचं आहे. फुटली की त्याच दिवशी सही. नाहीच फुटली, तर यादी संपेल त्या दिवशी.”

“पोकळी वाट बघत नाही बाई. जानेवारीअखेर. त्यापुढे मी कागद आणणार नाही.”

कागद बाईंच्या उशाखाली गेला आणि मी त्यांची लेखनिक झाले. मला कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी नुसतं म्हटलं, “तुला बसायची परवानगी आहे. बसून काय करतेस?” मी काहीच करत नव्हते. वडील महिन्यातून एकदा येत, हाताला निळीचा वास घेऊन. बाकी कुणी येत नव्हतं. आईने माझी भांडीसुद्धा वेगळी काढली होती, तेव्हा तिने यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

सिस्टर मार्थांनी तापाच्या जुन्या तक्त्यांचे पाठकोरे कागद दिले. एका बाजूला कुणाकुणाचा चढउतरता ताप आणि दुसऱ्या बाजूला माझे भागाकार.

बाईंनी मला पहिल्या दिवशी सगळं समजावलं. दोन एक शेजारी ठेवले तर अकरा, ते फुटत नाहीत. तीन ठेवले तर एकशे अकरा, ते तीन आणि सदतीसमध्ये फुटतात. पाच ठेवले तर एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. सात ठेवले तरी फुटतात. मग अकराचं काय?

“कुणी तरी काढलं असेलच की,” मी म्हटलं.

“असेल. कुठल्या तरी पुस्तकात असेल. मला दुसऱ्याचं नको.”

आणि मग त्यांनी मला ती युक्ती सांगितली. तिच्यामुळे हे काम माणसाच्या आवाक्यात आलं. ही संख्या ज्या कुठल्या मूळ संख्येने भागली जाईल, तिच्यातून एक वजा केला तर उरलेल्याला बावीसने भाग जायलाच हवा. नाही तर ती संख्या आपली नव्हे. म्हणून पहिली तेवीस, मग सदुसष्ट, मग ते माझं एकोणनव्वद. असं करत एक लाख पाच हजारांपर्यंत. तोवर नाही फुटली, तर फुटतच नाही.

“हे असं का?” मी विचारलं.

“बरी झालीस की सांगेन.”

त्यांनी ते पुढे सांगितलं. मला समजलंही. पण तेव्हा न समजताच ते फार खरं वाटायचं. इतकी अवाढव्य संख्या आणि तिच्या आत बावीसची एक शिस्त. कुणी घालून दिलेली नव्हे, तिची तिचीच.

सकाळी दूध झालं की बाई आठ आकडे सांगायच्या. ते त्या पडल्या पडल्या मनात गाळून ठेवत, तिनाचे, पाचाचे, साताचे वगळून. मी भागायची आणि जेवणाआधी उत्तरं वाचायची. त्या नवाचा ताळा मनातच करत. ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज करून उत्तर पडताळणं. एवढी साधी गोष्ट, पण बाईंच्या ताळ्यातून माझी एकही चूक निसटत नसे. “पुन्हा,” त्या म्हणायच्या, आणि मी पुन्हा भागायची. ताळा जमला की म्हणायच्या, “बरं. नाही जात. पुढची.” संध्याकाळी मी ते सगळं वहीत सुवाच्य उतरवायची.

दुपारी दोन ते चार विश्रांती असे. बोलायचं नाही, वाचायचं नाही, डोळे मिटायचे. तिसऱ्या प्रहरी जवळजवळ सगळ्यांनाच थोडा ताप चढायचा आणि व्हरांडाभर एक गुंगी पसरायची. खालच्या शेतातून पाखरं हाकलणाऱ्या बाईचा आवाज यायचा, कधी जवळून, कधी फार लांबून. निलगिरीचा वास यायचा. मिटल्या डोळ्यांसमोर ऊन तांबडं व्हायचं आणि त्या तांबड्यात सकाळचे आकडे पुन्हा सुरू व्हायचे. वरून एक एक ‘एक’ खाली उतरायचा, बाकीला चिकटायचा, त्यातून काही वजा व्हायचं, आणि पुढचा एक उतरायचा. मला वाटायचं, हे सगळं आधीपासून कुठेतरी होऊन पडलेलं आहे. मी नुसती त्यातून चालते आहे. अकरा अब्जांच्या पलीकडे काय असेल, असं एकदा मी बाईंना विचारलं. त्यांनी भरल्या आवाजात नावं म्हणून दाखवली. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. त्या म्हणत असताना माझा डोळा लागला, आणि स्वप्नात मी त्या नावांच्या गावांतून बैलगाडीने जात होते. बाई गाडीत बसल्या होत्या. बसल्या होत्या, याचंच मला स्वप्नात नवल वाटलं.

त्या दिवसांत मला बाई फार आवडू लागल्या. हे सांगायला मला कसलाच संकोच नाही. कुणी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन माझी चूक शोधलेली नव्हती.

आणि मला रोज सकाळी भीती वाटायची की आज ती फुटेल. प्रत्येक भागाकाराच्या शेवटच्या पायरीला माझा हात जड व्हायचा. खाली काहीतरी उरलं की जीव भांड्यात पडायचा. बाकी उरली म्हणजे बाई उरल्या, इतकं सरळ होतं ते.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी थंडी फार होती. आम्ही एकवीस हजारांच्या पुढे होतो. मला रात्री खोकला झाला होता आणि डोळ्यांवर झापड होती. बाईंनी आठ आकडे सांगितले, त्यातला सहावा एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. मी भागलं. जेवणाआधी वाचून दाखवलं. “पाच लाख तेरा हजार दोन. बाकी सातशे त्र्याण्णव.”

बाई नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं त्यांनाही झोप येते आहे.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पुढची.”

संध्याकाळी वही उघडून मी उतरवायला बसले. उतरवताना बावीसचं एकदा तपासायची सवय बाईंनीच लावली होती. सहावी संख्या मी कागदावर एकवीस हजार सहाशे एकोणसाठ लिहिली होती. एक वजा केला, बावीसने भागलं, दहा उरले. मग ही संख्या यादीत आलीच कशी? आणि एकदम माझ्या कानात बाईंचा आवाज आला, एकोणपन्नास. मी पन्नास ऐकलं होतं, नऊ ऐकलं होतं, आणि गदगच्या शाळेतल्यासारखं पन्नास आणि नऊ लिहून मोकळी झाले होते.

मी नवा कागद घेतला. पाच, एक, तीन, दोन, तीन. खाली शेवटचा एक उतरवला तेव्हा एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस झाले. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले नऊ. मी दोनदा केलं. तेवढेच आले. एकातून एक गेला, चारातून चार गेले, आठातून आठ गेले, आणि ओळ पुसल्यासारखी शून्य झाली.

निलगिरीच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं. शेजारी बाई पडून होत्या, खालच्या वाटेवरून शेळ्या जाताना बघत. त्यांना मी सांगायचं, आणि त्यांनी उशाखालून तो कागद काढायचा, एवढंच बाकी होतं. मी कागदाची घडी घालून ती परकराच्या नाडीत खोवली.

“काय गं,” बाई म्हणाल्या, “उतरवून झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचे आठ आकडे सांगितले आणि मी भागले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. संक्रांत आली. सिस्टर मार्था ख्रिस्ती असून सगळ्यांना चिमूटचिमूट तिळगूळ वाटत फिरल्या. बाई मला म्हणाल्या, “गोड बोल. आणि एकोणतीस म्हणजे किती ते सांग.” मी म्हटलं, “वीस आणि नऊ.” त्या म्हणाल्या, “शहाणी झालीस.”

ते वीस दिवस मला अजूनही सलग आठवत नाहीत. तुकड्यातुकड्यांनी, उन्हात तापलेल्या चादरीच्या वासासकट आठवतात. बाई कधी नव्हत्या इतक्या बोलत. आठ आकडे सांगायचे आणि मध्येच लहानपणाच्या घरचं काही सांगायचं. आष्ट्याच्या घरी हौदात पडलेला चंद्र त्यांनी चाळणीने काढायचा प्रयत्न केला होता. पहिल्या दिवशी वर्गात गेल्या तेव्हा मुलींना घाबरून तासभर फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी भागत असायची, आणि प्रत्येक भागाकार खोटा आहे हे मला माहीत असायचं. संख्या फुटून गेली होती. तरी वरून एक एक ‘एक’ उतरत होता आणि खाली काहीतरी उरत होतं, आणि आम्ही दोघी म्हणत होतो, नाही जात, पुढची.

मी स्वतःला सांगायची, तानूबाईचं झालं ते यांचं व्हायला नको. खरं त्याहून साधं होतं. मला त्यांना सोडायचं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाईंचा दुपारचा ताप वाढला. छातीचा नवा फोटो काढला. त्या दिवशी मी संडासाकडून परत येत होते आणि डॉक्टर पोंक्षे दाराशी सिस्टरांशी बोलत होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

“पोकळी खाली सरकली आहे,” ते म्हणाले. “उजवीकडे अजून नाही. मंगळवारी घेतलं तर घेतलं. त्यानंतर मी हात लावणार नाही.”

“त्या ऐकतील?” सिस्टर म्हणाल्या.

“तो भागाकार ऐकेल तर ऐकतील.” यावेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

मी खाटेवर येऊन पडले. विश्रांतीची घंटा झाली. व्हरांड्यावर गुंगी उतरली, आणि खालच्या शेतातली बाई आज नव्हती, कारण ज्वारी काढून झाली होती. मी परकराच्या नाडीतली घडी काढली. वीस दिवसांत ती घामाने मऊ झाली होती.

“बाई,” मी हळू म्हटलं.

“बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

“बाई, ती फुटली आहे.”

त्या हलल्या नाहीत. मी म्हटलं, “एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. मी लपवलं. वीस दिवस झाले.” आणि मग मला रडू आलं, आणि आवाज होऊ नये म्हणून मी चादर तोंडात धरली.

“दुसरा तुकडा पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस,” बाई म्हणाल्या. “तो पुढे फुटत नाही. लहान सगळ्या आपण आधीच तपासल्या होत्या ना, त्यामुळे ते आपोआपच ठरलं. दोनच तुकडे. फार सुरेख आहे.”

मी चादर सोडली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू बाकी सातशे त्र्याण्णव सांगितलीस. ताळा जमला नाही. तू पेंगत होतीस, म्हणून पुन्हा कर म्हणायच्या आधी मी तिथेच पडल्या पडल्या स्वतः भागलं. इतका मोठा भागाकार मनात मी आयुष्यात केला नव्हता. सहा पायऱ्या. शेवटच्या पायरीला मला वाटलं, श्वासच थांबतो आहे.”

“मग पुन्हा कर म्हणाला का नाहीत?”

वाऱ्याने निलगिरीची पानं व्हरांड्यात आली होती, ती फरशीवर सरकत होती.

“मला वाटलं, तू मुद्दाम खोटी बाकी सांगितलीस. माझ्यासाठी. माझ्याकरता कुणी एवढं मोठं खोटं कधी बोललं नव्हतं, पद्मा. मी ते ठेवून घेतलं.”

“नाही बाई,” मी म्हटलं. आता काहीच लपवायचं नव्हतं. “त्या दिवशी खोटं नव्हतं. मी एकोणसाठ लिहिलं होतं. पन्नास आणि नऊ.”

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं अंग हलू लागलं आणि मला भीती वाटली, पण ते हसू होतं. त्यांनी ते दाबलं नाही. खोकला आला, तो गेला, तरी त्या हसत होत्या.

“म्हणजे पुन्हा कानडी.”

“हो.”

“आणि दुसऱ्या दिवसापासून?”

“दुसऱ्या दिवसापासून खोटं.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. डोळे पुसले. त्यांना हात वर न्यायची परवानगी नव्हती, तरी पुसले. “मला भीती वाटते गं. मुलींना मी सांगत आले, उत्तर आलं की ते मान्य करायचं, आवडो न आवडो. आणि मी वीस दिवस उत्तराशेजारी पडून पुढचे आकडे सांगत होते. मला ते आवाज ऐकायचे नाहीत.”

मी खाटेवरून हात लांब केला. दोन खाटांमध्ये हातभर अंतर होतं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात तापाने कढत होता. बराच वेळ आम्ही तशाच पडून राहिलो, आणि घंटा झाली तेव्हा त्यांनी हात सोडला.

“सिस्टरना हाक मार,” त्या म्हणाल्या. “पेन आणायला सांग. शाईचं.”

मंगळवारी सकाळी त्यांना नेलं. त्या दिवशी मी एकही आकडा लिहिला नाही. दुपारी त्यांना परत आणलं, पांढऱ्याफटक, ओठ कोरडे. चार दिवसांनी त्या पहिलं वाक्य बोलल्या, “तानूबाई खरं सांगत होती.” तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा नेलं. पुन्हा आणलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि तिसऱ्यांदा न्यावं लागेल म्हणाले. तिसऱ्यांदाही त्या परत आल्या.

पुढे बाई शाळेत गेल्या, सतरा वर्षं शिकवलं, डावा खांदा खाली झुकलेला असायचा आणि मुली त्यांना मागून तेवढ्यावरून ओळखायच्या. मीही बरी झाले. पण मला सांगायचं आहे ते एप्रिलमधलं, मला घरी सोडणार होते त्याच्या आदल्या दिवशीचं.

त्या सकाळी मी डॉक्टर पोंक्षेंना त्यांच्या खोलीत गाठलं. म्हटलं, “वीस दिवस आधी सही झाली असती तर काही फरक पडला असता का?”

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि तसं म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. पण ते खरं बोलणारे होते.

“दोनदाच न्यावं लागलं असतं,” ते म्हणाले. “पाच बरगड्या पुरल्या असत्या. आठ काढल्या.”

मी व्हरांड्यात आले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता बसता येत होतं. डावी बाजू आत गेली होती आणि पोलकं तिथे सैल लोंबत होतं. बाईंना हे कधीच कळलं नसतं. मी गदगला गेले असते आणि ते माझ्यापाशीच राहिलं असतं.

“बाई,” मी म्हटलं, “माझ्यामुळे तुमच्या तीन बरगड्या जास्त गेल्या.” आणि डॉक्टर जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. खाली माळावर कुणीतरी नवी निलगिरी लावत होतं, तिकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी रडत होते.

“बरगड्या माझ्या,” त्या म्हणाल्या. “तू कशाला रडतेस?”

मग त्यांनी उजव्या हाताने डावीकडची चादर सारखी केली आणि खाटेवर थापटलं.

“ये. या बाजूला आता जागा झाली आहे.”

रोग्यांनी एकमेकांच्या खाटेवर बसायचं नाही असा नियम होता. मी बसले.